कार्ड नंतर, आधी एसएमपीएसचं लेबल

या अंकासाठी आलेले बरेचसे प्रश्न एकाच जातीचे आहेत: जुना कॉम्प्युटर, हातात दहा-पंधरा हजार, कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ? कार्डाचं नाव सांगायला एक ओळ पुरते. पण ते नाव ठरतं प्रोसेसर, मदरबोर्ड (पुढं नुसता बोर्ड) आणि एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, यांच्यावरून, आणि नेमकी हीच माहिती पत्रात नसते. ज्यांनी ती कळवली त्यांना आधी उत्तर.

प्रश्न : कोअर आय५-४५९०, एच८१ बोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स ७५० टीआय २ जीबी. एसएमपीएस लोकल, ४५० वॉट. मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झ. बजेट १५ हजार, ताणून १६. मला चार भाव मिळालेत: आरएक्स ६५०० एक्सटी नवं साडेबारा हजार, आरटीएक्स ३०५० ६ जीबी नवं सोळा हजार, सेकंड हॅण्ड जीटीएक्स १६६० सुपर साडेआठ हजार आणि सेकंड हॅण्ड आरएक्स ५८० पाच हजार. कोणतं घेऊ?
— एक वाचक, भांडुप

६५०० एक्सटी तुमच्यासाठी बाद. दोष निम्मा कार्डाचा, निम्मा तुमच्या बोर्डाचा. हे कार्ड लांब स्लॉटमध्ये बसतं, पण त्यातल्या ४ लेनच (डेटा जाण्याच्या वाटा) वापरतं. त्या स्लॉटची पद्धत म्हणजे पीसीआयई, पुढचा आकडा तिची पिढी. ४.० च्या बोर्डावर ४ लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी डेटा जातो. तुमचा प्रोसेसर ३.० द्यायला तयार आहे, पण एच८१ चे बोर्ड तो स्लॉट २.० वरच चालवतात. याच प्रोसेसरखाली बी८५ बोर्ड असता तर ३.० मिळालं असतं. २.० च्या ४ लेन म्हणजे सेकंदाला २ जीबी, म्हणजे चौथा हिस्सा. कार्डाची ४ जीबी मेमरी भरेपर्यंत हे जाणवतही नाही. ती भरली की टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंवरची चित्रं) सिस्टिम रॅममधून त्याच अरुंद वाटेनं यायला लागतात. मग एफपीएसची (सेकंदाला किती फ्रेम) सरासरी बरी दिसते, आणि ऐन वेळी गेम अर्धा सेकंद अडकतो. शिवाय या कार्डात व्हिडिओ एन्कोडर नाही. गेम रेकॉर्ड करायचा म्हटलं तर सगळा भार चार कोअरच्या प्रोसेसरवर.

हाच हिशोब बाकीच्यांना लावा. ३०५० ६ जीबी ८ लेन वापरतं, तुमच्या बोर्डावर सेकंदाला ४ जीबी. १६६० सुपर आणि ५८० पूर्ण १६ लेनची आहेत, म्हणून २.० वरही ८ जीबी. जुन्या बोर्डाला जुनं, रुंद कार्ड मानवतं ते यामुळे.

५८० चा भाव मोहात पाडणारा आहे, पण ते १८५ वॉट खातं, त्यातली बरीच कार्डं क्रिप्टो मायनिंगमध्ये राबलेली आहेत, आणि त्या पिढीला एएमडीनं २०२३ पासून नियमित ड्रायव्हर अपडेटमधून बाजूला केलंय. १६६० सुपर १२५ वॉटचं, ६ जीबीचं, चांगला एन्कोडर असलेलं आणि ३०५० ६ जीबीपेक्षा बहुतेक गेममध्ये वेगवान. आमचं मत १६६० सुपरला. मात्र एका अटीवर.

ती अट म्हणजे एसएमपीएस. कॅबिनेटची बाजू उघडा आणि एसएमपीएसवरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरातले ४५० वॉट सोडून द्या. +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि त्याला १२ नं गुणा, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जवळपास सगळी वीज याच लाइनवरून घेतात. लोकल ४५० वॉटच्या डब्यावर १६ अँपिअर लिहिलेले सर्रास दिसतात, म्हणजे १९२ वॉट. आता खर्च धरा: प्रोसेसर ८४, कार्ड १२५, बोर्ड-डिस्क-पंखे मिळून ४० च्या आसपास. झाले अडीचशे. असा एसएमपीएस डेस्कटॉपवर निमूट चालतो आणि गेम सुरू झाल्यावर दहाव्या मिनिटाला मशीन बंद पाडतो. कधी जाताना बोर्डही सोबत नेतो.

१६६० सुपरला ८ पिनचं पॉवर कनेक्टर लागतं. दुकानात साटाच्या (डिस्कला वीज देणाऱ्या) पिनेवरून ६ किंवा ८ पिन करणारी वायर हातात ठेवतात, ती घेऊ नका. साटा कनेक्टरच्या १२ व्होल्टच्या तीन पिना प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे एकूण ५४ वॉट. त्याच्यावर कार्डाची ओढ आली की प्लॅस्टिक वितळतं. आणि प्रोसेसरसाठीची ४+४ पिनची वायर कार्डाला जोडायचा प्रयत्न करू नका. दिसायला भावंडं वाटली तरी दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलटसुलट आहेत. कार्डासाठीची वायर ६+२ अशी सुटते.

तेव्हा साडेआठ हजारांचं कार्ड, आणि उरलेल्यात ४५० ते ५५० वॉटचा ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) असलेला एसएमपीएस, ज्याच्या लेबलवर १२ व्होल्टला निदान ३५ अँपिअर लिहिलेत. तरीही दोनेक हजार उरतील, त्यात ८ जीबीची दुसरी डीडीआर३ स्टिक सेकंड हॅण्ड घ्या. एच८१ वर रॅमचे दोनच स्लॉट असतात, १६ जीबीवर गाडी थांबते. पण एका स्टिकऐवजी दोन झाल्या की मेमरी ड्युअल चॅनेलमध्ये चालते आणि गेममधले झटके बरेच कमी होतात. एसएमपीएस बदलायचाच नसेल तर ३०५० ६ जीबी घ्या. ते ७० वॉटचं आहे, बहुतेक मॉडेलना वेगळी वायर लागत नाही, स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटमध्ये भागतं. पण ते घेतानाही वरचा गुणाकार आधी करा.

पैसे देण्याआधी दहा मिनिटांची एक चाचणी. नेहमीचा गेम सुरू करा, बाकी सेटिंग तशीच ठेवून फक्त रिझोल्यूशन १२८०×७२० करा. टास्क मॅनेजरमध्ये किंवा आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये कार्डाचा वापर बघा. तो ९५ टक्क्यांवर असेल तर अजून कार्डच कमी पडतंय, नवं कार्ड घेऊन फायदा होईल. तो सत्तर-ऐंशीवर आला आणि एफपीएस एका आकड्याला येऊन अडला, तर तो आकडा तुमच्या प्रोसेसरची मजल. त्याच्या पुढं कुठलंही कार्ड नेणार नाही. ४५९० मध्ये चार कोअर आणि चारच थ्रेड, त्यामुळे गर्दीच्या शहरांच्या गेममध्ये हे लवकर घडतं. तिथं गर्दी आणि दूरवरचं दृश्य या दोन सेटिंग खाली आणा. टेक्श्चर कमी करून प्रोसेसरचं ओझं हलत नाही.

प्रश्न : रिफर्बिश्ड डेल ऑप्टिप्लेक्स ९०२०, छोटं कॅबिनेट. पाठीमागं लहान कार्डाचीच जागा आहे. ३०५० ६ जीबी बसेल का? एसएमपीएस बदलता येईल का?
— एक वाचक, काळाचौकी

एसएमपीएसचं विसरा. या मॉडेलच्या बोर्डाला नेहमीचं २४ पिनचं कनेक्टर नाही, डेलचं स्वतःचं ८ पिनचं आहे, आणि छोट्या कॅबिनेटमध्ये नेहमीच्या मापाचा एसएमपीएस मावतही नाही. म्हणजे वेगळी वायर न लागणारं, लो प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्ड. जीटीएक्स १६५०, आरएक्स ६४०० आणि ३०५० ६ जीबी या तिन्हींत लो प्रोफाइल मॉडेल निघाली आहेत. विकत घेताना लहान ब्रॅकेट खोक्यात आहे का हे बघा. सेकंड हॅण्डमध्ये तेच हमखास हरवलेलं असतं.

खरी अडचण जाडीची. कॅबिनेट उघडून लांब स्लॉट आणि त्याच्या शेजारचा अडथळा यांच्यात मोजपट्टी धरा. दोन स्लॉट जाडीच्या कार्डाला ४ सेंटिमीटर मोकळी जागा हवी आणि पंख्याला श्वास घ्यायला त्यावर थोडी. ती नसेल तर आरएक्स ६४०० चं एक स्लॉटचं मॉडेल उरतं. ते ५३ वॉटचं, म्हणून या छोट्या एसएमपीएसला सोपं. हेही ४ लेनचंच आहे, पण तुमच्या क्यू८७ बोर्डावर ३.० मिळतं, त्यामुळे भांडुपच्या वाचकांइतका फटका बसणार नाही. टेक्श्चर मीडियमवर ठेवा. याही कार्डात एन्कोडर नाही. दोन लांब स्लॉट दिसले तर फसू नका, त्यातला एक आतून ४ लेनचाच असतो. कार्ड १६ लेनच्या स्लॉटमध्येच घाला.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवर जाऊन सेकंड हॅण्ड कार्ड घ्यायचा विचार आहे. ओळखीच्या एकानं जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी अडीच हजारांत देतो म्हणून फोटो पाठवलाय, मागं व्हीजीएचं निळं पोर्टपण आहे म्हणजे माझा जुना मॉनिटर चालेल. घेऊ का? सेकंड हॅण्ड कार्ड तपासायचं कसं?
— एक वाचक, विरार

निळं पोर्ट दिसलं तिथंच व्यवहार मोडा. १०५० टीआयच्या चिपमध्ये व्हीजीएचा ॲनालॉग सिग्नल निघतच नाही, त्यामुळे अस्सल कार्डावर ते पोर्ट असू शकत नाही. २०१०-११ च्या जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयसारख्या कार्डाचं बायोस (चालू होताना लागणारा आतला प्रोग्रॅम) बदलून त्याला १०५० टीआय नाव देतात. विंडोजही तेच नाव दाखवतं. ड्रायव्हर टाकला की सोंग उघडं पडतं.

खरं-खोटं करायला पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड घेऊन जा. छोटा, फुकट प्रोग्रॅम आहे. बनावट कार्ड त्यानं ओळखलं तर नावाच्या आधी चौकटी कंसात ‘फेक’ असा शब्द येतो. तेवढ्यावर न थांबता शेडर्सचा (चिपमधल्या गणना करणाऱ्या छोट्या भागांची संख्या) रकाना वाचा. १०५० टीआयला ७६८, जीटीएक्स १६५० ला ८९६, १६६० सुपरला १४०८, आरएक्स ६६०० ला १७९२ आणि आरएक्स ५८० ला २३०४ असायला हवेत. ५८० मध्ये २०४८ दिसले तर तो ५७० च्या ताकदीचा माल आहे, ५८० च्या नावानं विकलेला. खाली बस इंटरफेसची ओळ आहे. तिथं @ चिन्हानंतरचा भाग म्हणजे आत्ता मिळणाऱ्या लेन. कार्ड निवांत असताना शेवटी १.१ दिसतं, त्याला घाबरू नका. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून कार्डाला काम द्या, आकडा वर चढतो. पण १६ लेनच्या कार्डावर ८ किंवा ४ लेन दिसत राहिल्या तर सोनेरी पट्टी खराब आहे किंवा एखादी लेन मेलेली आहे.

मग कार्ड हातात घ्या, उजेडात तिरकं धरा. चिपच्या कडांना तपकिरी, चिकट थर म्हणजे फ्लक्स: कुणीतरी हीट गननं चिप उचलून बसवली आहे. असं रिबॉल केलेलं कार्ड दोन महिने चालतं, कधी दोन वर्षं, त्यावर पैज लावू नये. बोर्डावर पांढरट डाग म्हणजे पाण्यानं धुतलंय. ब्रॅकेटवर आणि स्क्रूंवर गंज म्हणजे खाऱ्या हवेत बरीच वर्षं काढलीत; नुसत्या गंजानं कार्ड नाकारू नका, भाव पाडा. थर्मल पॅडमधून तेल झिरपून पाठीवर आलं असेल तर कार्ड दीर्घकाळ तापलेलं आहे. पंखे बोटानं फिरवा, खडखडतात का, डुगडुगतात का. पंखा मिळतो, पण प्रत्येक मॉडेलचा वेगळा.

आणि शेवटी चालवून बघा. दुकानदाराच्या मशीनवर फरमार्क, म्हणजे कार्डाला पूर्ण ताण देणारा प्रोग्रॅम, पंधरा मिनिटं. पाच मिनिटांत आटपू नका, कारण हीटसिंक तापायलाच तेवढा वेळ जातो. तापमान ८५ च्या खाली स्थिरावलं पाहिजे. हॉट स्पॉट (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) त्याच्यापेक्षा ३० अंशांनी वर असेल तर चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. पेस्ट स्वतः बदलता येते, तेवढ्यासाठी सौदा सोडायची गरज नाही. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकडे, रेघा दिसल्या तर ती मेमरी गेली. ‘ड्रायव्हर टाकल्यावर जाईल’ हे ऐकून घेऊ नका. दुकानदार मशीनवर लावूनच देत नसेल तर पुढच्या दुकानात जा, तिथं दुकानांची कमतरता नाही.

जीएसटी बिलावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो कार्डावरच्या स्टिकरशी जुळवा. नव्या कार्डाच्या वॉरंटीसाठी हे हवंच, आणि जुन्याला पंधरा दिवसांची तोंडी हमी दिली असेल तर ती त्याच बिलावर हातानं लिहून शिक्का घ्या. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. विरार फास्ट ग्रँट रोडला थांबत नाही, मुंबई सेंट्रलला उतरून चालत या. परतताना कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत, बाहेरून बबल रॅप, आणि सॅक पोटाशी. संध्याकाळच्या गाडीत पाठीवरच्या सॅकेत कार्डाचं काय होतं ते सांगायला नको.

प्रश्न : माझ्या मॉनिटरला फक्त व्हीजीए आहे. नवं कार्ड घेतलं तर मॉनिटरही बदलावा लागेल का?
— एक वाचक, डोंबिवली

नाही. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा, आत चिप असलेला ॲडॉप्टर घ्या. १०८०पी ६० हर्ट्झ आरामात चालतं. डीव्हीआयचा साधा ॲडॉप्टर घेऊ नका, आताच्या कार्डांवरचं डीव्हीआय पोर्ट असलंच तर निव्वळ डिजिटल असतं, आणि जुन्या ॲडॉप्टरच्या चपट्या पिनेभोवतालच्या चार पिना त्यात शिरतच नाहीत.

प्रश्न : आय५-२४००, एच६१ बोर्ड. आरएक्स ६४०० लावलं तर पंखा फिरतो पण स्क्रीन काळी. जुनं कार्ड लावलं की सगळं ठीक. दुकानदार म्हणतो कार्डात दोष नाही, बदलून देणार नाही. काय करू?
— एक वाचक, नालासोपारा

दुकानदार बहुधा खरं बोलतोय. आधी साध्या चुका तपासा: मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टला राहिलेली नाही ना, आणि कार्ड बसवताना स्लॉटच्या टोकाची कडी ‘टक’ करून लागली का. तेवढं करूनही काळोख असेल तर कारण बोर्डाचं बायोस. एच६१ चे सुरुवातीचे बरेच बोर्ड जुन्या पद्धतीच्या बायोसचे होते, आणि नव्या कार्डांना चालू होताना यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) लागतं.

जुनं कार्ड लावून मशीन सुरू करा. बोर्डाचं मॉडेल आणि त्याचं रिव्हिजन बोर्डावरच छापलेलं असतं, ते टिपून कंपनीच्या साइटवरून त्याच रिव्हिजनचं शेवटचं बायोस घ्या. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड मरतो, म्हणून मशीन यूपीएसवर असू द्या. नंतर मशीनची वायर काढा, बोर्डावरची गोल बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा, परत बसवा. बायोसमध्ये पहिला डिस्प्ले पीसीआयई किंवा पीईजी करा. मग नवं कार्ड. तरीही उजेड पडला नाही तर या बोर्डावर ते चालणार नाही, कार्ड मित्राच्या नव्या मशीनवर तपासून परत विकायचा मार्ग बघा.

आणि चाललं तरी एक सांगायला हवं. २४०० हा २०११ चा प्रोसेसर. स्लॉट २.० चा, त्यात तुमचं कार्ड ४ लेनचं. शिवाय एव्हीएक्स२ (प्रोसेसरच्या आज्ञांचा एक संच) त्यात नाही, आणि काही नवे गेम त्यावाचून सुरूच होत नाहीत. या मशीनवर आता नवा रुपया घालू नये असं आमचं स्पष्ट मत.

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे. रायझन ३ ३२००जी, ए३२० बोर्ड, ८ जीबी रॅम. तीस हजारांचं कार्ड हवं म्हणून मागं लागलाय. एवढं खरंच लागतं का? विजेचं बिल किती वाढेल?
— एक आई, मुलुंड

ताई, तीस हजार लागत नाहीत. या प्रोसेसरच्या पोटातच ग्राफिक्स आहे आणि ते रॅम वापरतं. आठ जीबीची एकच स्टिक असेल तर त्याचा गळा आवळलेला आहे. तितक्याच जीबीची, तितक्याच वेगाची दुसरी डीडीआर४ स्टिक लावा आणि आठवडाभर त्याला खेळू द्या. ऑनलाइन खेळायचे हलके गेम तेवढ्यावर सुधारतात. मुलाची तक्रार राहिलीच तर आरटीएक्स ३०५० ६ जीबी. याहून मोठं कार्ड या चार कोअरच्या प्रोसेसरला पेलणार नाही. हा प्रोसेसर ग्राफिक्स कार्डाला ८ च लेन देतो, आणि ३०५० ला त्या पुरतात. पुढं कधी रायझन ५ ५६०० टाकायचा झाला तर बायोस अपडेट जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच करायचं, कारण न अपडेट केलेल्या बोर्डावर नवा प्रोसेसर सुरूच होत नाही.

बिलाचं म्हणाल तर ७० वॉटचं कार्ड रोज चार तास पूर्ण जोरात चाललं तरी महिन्याला ८.४ युनिट. १८५ वॉटच्या ५८० ला हेच २२ युनिट पडले असते.

प्रश्न : जुनं जीटीएक्स १०६० आहे, अजून छान चालतं. एनव्हिडियानं ड्रायव्हर बंद केले म्हणतात. बदलू का? पावसाळ्यात मधूनच डिस्प्ले जातो, कार्ड काढून घातलं की येतो.
— एक वाचक, वरळी

लगेच नको. १०६० च्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत. आता खेळता ते गेम चालत राहतील.

डिस्प्ले जातोय तो स्लॉटमधल्या दमटपणामुळे. मशीनची वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, कार्ड काढा. सोनेरी पट्टीवर मऊ पांढरा खोडरबर एकाच दिशेनं हलकेच फिरवा, जोर लावला तर मुलामा निघतो. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, कण राहू देऊ नका. स्लॉटमध्ये ब्रशनं धूळ काढा, तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावाच आत जातो. पावसाळ्यात मशीन दिवसाआड तरी तासभर चालवा, आणि कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढं ओढा. कॅबिनेटवर प्लॅस्टिकचं कव्हर घालायची सवय असेल तर मशीन पूर्ण थंड झाल्यावरच घाला, नाहीतर आतली वाफ आतच राहते.